जावयाला विचारलेला प्रश्न

आमच्या धुळ्याकडे जावयाला प्रश्न विचारत नाहीत. व्याह्यालाही नाही. आमचे पैसे बुडाले ते त्यामुळेच.

नवरा नोकरीतून निवृत्त झाला तेव्हा मिळालेली सगळी रक्कम त्याने एका पतसंस्थेत ठेवली, कारण आमचे व्याही तिथे संचालक होते. कागद बघू द्या म्हणणं म्हणजे त्यांचा अपमान. पतसंस्था बंद पडली. व्याही लबाड नव्हते, त्यांचेही बुडाले. माणूस चांगला म्हणून त्याचा व्यवहारही चांगला, असं नसतं, हे तेव्हा कळलं. फार महाग पडलं.

मागच्या धोंड्याच्या महिन्यात धाकट्या बहिणीने मला सावद्याला बोलावलं. जावयाला जेवू घालून वाण द्यायचं होतं. ती विधवा. रस्त्यात गेलेल्या शेताचे पैसे नुकतेच तिच्या खात्यात आले होते. म्हातारपणाला तेवढाच आधार. जावई एक योजना घेऊन आला होता. शेकडा पाच, दर महिन्याला.

चुलीपाशी ती मला म्हणाली, "अक्का, जवाई शे तो. त्याले कसं इचारू?"

"तू वाढ. मी विचारते."

खापरावरची पुरणपोळी त्याच्या ताटात पडल्यावर मी म्हटलं, "जावईबापू, हे पैसे घेऊन ती माणसं करतात काय?"

"मोठा बिझनेस आहे मावशी. तुम्हाला नाही कळायचं."

"मी चौथी शिकले. व्याजाची गणितं होती. बँक वर्षाला देते त्याच्या कितीतरी पट हे देणार, तर कमावतात कशातून?"

तो हसला. "लोकांना मिळतंय ना!"

"नव्याने येणाऱ्यांच्या पैशातूनच देत असतील तर? बरं, तुम्ही स्वतः किती टाकले?"

"टाकणार आहे."

"आणि हिने टाकले तर तुम्हाला काय मिळतं?"

त्याने तुपाची वाटी सरकवली. "थोडं कमिशन."

भाचीची मान खाली गेली. बहिणीने पदर तोंडाला लावला. मग तिने आतून चांदीचं ताट आणलं, कुंकू लावलं आणि त्याच्या हातात दिलं. "जावईबापू, हे तुमचं. ते पैसे माझे."

त्याने पोळी अर्धी टाकली आणि उठला. बहीण दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलली नाही. लेक माहेरी येईना, त्याचं खापर तिने माझ्यावर फोडलं. फोडू दे.

ती योजना पुढे बुडाली की चालली, मी विचारलं नाही. चालली असेल तरी माझं मत तेच. आपल्याला समजत नाही तिथे पैसा घालायचा नाही, आणि विचारल्यावर ज्याला राग येतो त्याच्याकडे तर नाहीच.

बहिणीने दोन बँकांत वाटून ठेव ठेवली. संक्रांतीला भाची आली, एकटी. जाताना आईला हळूच म्हणाली, "आई, माझे पण थोडे आहेत. तुझ्याच बँकेत ठेव."