टापूवर पोरगी कोण देईल

आमच्या टापूवर किस्से फार साचतात, कारण आमचं अर्धं आयुष्य डोंग्याची, म्हणजे आमच्या लाकडी होडीची, वाट पाहण्यात जातं. पैनगंगा आमच्या गावापाशी येऊन दोन फाट्यांत फुटते आणि खाली जाऊन पुन्हा एक होते. मधल्या जमिनीवर आमची चाळीस घरं. अलीकडचा काठ यवतमाळ जिल्हा, पलीकडचा तेलंगणा. कुठंही जायचं तर डोंगा, आणि डोंगा कायम दुसऱ्या काठावर. मग घाटावर बसलेली माणसं बोलतात. मी शाळेत गेले नाही, खताच्या पोत्यांवरची अक्षरं जुळवत वाचायला-लिहायला शिकले, आणि तरी हे सगळं लिहून ठेवणारी टापूवर मी एकटीच. बाकीचे नुसते हसतात.

सध्या घाटावर विषय एकच. माझा नातू देवानंद तेहतीस वर्षांचा झाला आणि त्याचं लग्न जमत नाही. ओलिताची सहा एकर जमीन आहे, तंबाखूचा खर्रा खात नाही, कोणाचंही इंजिन दुरुस्त करून देतो. दोष एकच. टापूवर राहतो.

* * *

पहिली सोयरीक पुसदकडची. पाहुणे घाटापर्यंत आले. मुलीच्या बापानं आधी डोंग्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग देवानंदाकडे. म्हणाले, "गाडी कुठी ठेवता?"

"एक या काठावर हाय, एक त्या काठावर, आन् एक घरी."

"तीन गाड्या!" पाहुण्यांचा चेहरा उजळला.

टापूवर घरोघरी हेच आहे. जुन्या मोटरसायकली घेतात आणि जिथं उतरायचं तिथं उभ्या करतात. पण आमचा पोट्टा पडला प्रामाणिक. तो पुढे म्हणाला, "बॅटरी मात्र एकच हाय. संगं घेऊन फिरतो." आणि पिशवीतून बॅटरी काढून दाखवली.

पाहुणे डोंग्यात बसलेच नाहीत.

* * *

दुसरी मारेगावकडची. हल्ली पोरापोरींना आधी फोनवर बोलू देतात, आम्हीही दिलं. आता आमच्या टापूच्या एका टोकाला महाराष्ट्राचा टॉवर लागतो, दुसऱ्या टोकाला तेलंगणाचा. देवानंदाला फोन कानाला लावून चालायची सवय. चालत चालत पार नदीपर्यंत जातो, रेंज तुटते, आणि पुन्हा फोन लावणाऱ्याला एक बाई गोड आवाजात तेलुगूत काहीतरी सांगते.

चार दिवसांनी मुलीच्या आईचा मला फोन. "आजी, एक इचारू? तुमच्या नातवाचा फोन एक तेलंगी बाई काहून उचलते?"

"बाई, थे टेप हाय. कंपनीनं भरून ठेवली."

"टेप असती तं माह्या पोरीनं शिव्या देल्यावर चूप कायले बसली असती?"

सोयरीक मोडली. देवानंद म्हणतो, "आजी, आजवर माहं नाव एकाच बाईशी जोडल्या गेलं, आन् तिचं बोलनं मले समजत नाही."

* * *

पूल झाला की पोरी मिळतील, असं सगळे म्हणतात. दर काही वर्षांनी मोजणीवाले येतात, दुर्बीण लावतात, खुंटे ठोकून जातात. यंदा आलेला साहेब तरुण होता. त्यानं विचारलं, "आजी, मागच्या मोजणीचे खुंटे कुठे आहेत?"

मी त्याला गावातून फिरवलं. एका खुंट्याला म्हैस बांधलेली, दुसऱ्याला दोन बकऱ्या. तिसऱ्यापासून कडुनिंबापर्यंत तार ओढून शेजारणीनं लुगडी वाळत घातलेली.

साहेबाचा चेहरा पडला. "सरकारी खुंटे आहेत हे, आजी."

"म्हनून तं मजबूत हाय. तुमचा पूल आला का म्हैस सोडतो."

"दोन वर्षांत पूल होणार. नक्की."

"मंग येवढं कागदावर लिहून द्या. पोरीच्या बापाले दाखवतो."

साहेबानं पेनाला टोपण लावलं.

* * *

शेवटी गावातल्या शहाण्यांनी ठरवलं, की पाहुण्यांना पूल मंजूर झाला असं ठोकून द्यायचं. मी म्हटलं, माझ्या तोंडून खोटं निघायचं नाही. सत्तर वर्षांत निघालं नाही, आता कशाला?

माझी सून शांता, देवानंदाची आई, कधी उलट बोलत नाही. त्या दिवशी चुलीपुढून उठून आली. "आत्याबाई, तुमच्या खऱ्यापायी माहं पोरगं बिनलग्नाचं राह्यते."

मी रागानं ताटावरून उठले. पण तिचे डोळे पाहिले होते. संध्याकाळी कबूल केलं, पाहुण्यांनी विचारल्याशिवाय तोंड उघडणार नाही.

* * *

तिसरी सोयरीक भर पावसाळ्यात आली. मुलगी सुषमा, तिचे आईबाप आणि मामा. पोरगी स्वतः आली, कारण आमच्याकडे पाहणं उलटं असतं. पोरगा नंतर, आधी टापू पाहतात. पोहे झाले, चहा झाला, आणि कोणी पुलाचा विषय काढायच्या आत वरच्या धरणाचं पाणी सोडलं. घाट बुडाला, डोंगा बंद. पाहुणे तीन दिवस आमच्या घरी.

दुसऱ्या दिवशी सुषमाच्या बापानं विचारलं, "असं नेहमीच अडकून पडता का?"

विचारलंच म्हणून सांगितलं, "नाही. कवा कवा आठ दिवस लागते."

शांतानं कपाळाला हात लावला. बाप उठून बाहेर गेला. ओसरीवर बसून पाणी बघत राहिला.

पोरगी मात्र देवानंद इंजिन खोलून बसला होता तिथं गेली. त्यानं हात पुढे केला की पाना द्यायची. एकदा म्हणाली, "पूर असला आन् कोनाले दवाखान्यात न्यायचं झालं तं?"

"नेतो."

"भेव नाही वाटत?"

देवानंदानं हातातला नट घासून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "वाटते. दर खेपी वाटते." तिनं पुढचा पाना दिला. मी आत तांदूळ निवडत होते. मनात म्हटलं, गेली ही पण.

चौथ्या दिवशी पाणी उतरलं. आमच्या घाटावर दोन्ही काठांना जाड दोर बांधलेला आहे. डोंग्यात उभं राहून दोर ओढत पलीकडे जायचं. डोंग्यात माणसं चारच मावतात. पाहुणेच चार, देवानंद धरून पाच. मी म्हटलं, दोन खेपा करा.

"मी इथं आता एक मिनिट थांबत नाही," बाप म्हणाला आणि डोंग्यात जाऊन बसला.

"मंग मी ओढतो," सुषमा म्हणाली. देवानंदानं तिला दोर कसा धरायचा ते दाखवलं आणि तो काठावरच राहिला. डोंगा गेला. मध्ये जरा डुलला, शांतानं माझा दंड घट्ट पकडला. पण पोरीनं नीट नेला.

पलीकडे आई उतरली, मामा उतरला, बाप उतरला. त्यानं पोरीला हात दिला. पाण्यावरून बोलणं स्वच्छ ऐकू येतं.

"उतर."

"बाबा, डोंगा त्याहिचा हाय. वापस कोन नेईल?"

"येईल कोनी न्याले."

"कायच्यात बसून येईल? डोंगा तं इकडं हाय."

मामा गाडीकडे निघाला होता, तोही थांबला. सुषमानं डोंग्याचं तोंड फिरवलं, दोन्ही हातांनी दोर धरला आणि आमच्या काठाकडे ओढायला लागली.

बाप मागून ओरडला, "आन् मंग तू वापस कशी येशील?"

पोरीनं मान वळवली नाही. दोर ओढत राहिली.