गोठ्यातली तिपाई

त्या घरात दोन सुना, एक गाय आणि एक तिपाई. भांडायला एवढं पुरतं. तिपाई गोठ्यातली, धार काढताना बसायची. अठरा वर्षांत तिच्यावर थोरलीशिवाय कुणी टेकलं नव्हतं. एकदा तिचा नवरा बसायला गेला, तर गायीने बादली लाथाडली होती. हा किस्सा थोरली पाहुण्यांना न विचारता सांगायची.

मग एके सकाळी वैरणीचा भारा उतरवताना तिचं उजवं मनगट मुरगळलं. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि महिनाभर धार काढायची नाही म्हणून बजावलं. दिराच्या लग्नाला जेमतेम पाच महिने झालेले. त्याची बायको, ही धाकटी, आजवर गोठ्यात यायची ती फक्त शेण भरायला. आता तिपाईवर तीच बसणार होती, वासरूही तीच बांधणार होती.

"गाय पान्हा चोरेल हं," थोरली जेवताना म्हणाली. "परक्या हाताला देत नाही ती." आवाजात काळजी होती, पोटात आशा.

पहिल्या दिवशी गायीने थोरलीचा मान राखला. बादलीचा तळ झाकेल एवढंच दूध निघालं. "असू दे गं, होईल सवय," म्हणत थोरलीने धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवली.

चौथ्या दिवशी मात्र बादली भरली. बादलीच्या आतल्या अंगाला एक खिळा होता. दूध तिथवर आलं की सासरे "हं" म्हणायचे. थोरलीची अठरा वर्षांची कमाई म्हणजे तो "हं". त्या दिवशी सासऱ्यांनी डोकावून पाहिलं, तर खिळा फेसाखाली बुडालेला. "वा!" ते म्हणाले. "हं" नव्हे, "वा"! थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यानंतर धाकटी हसली तरी थोरलीच्या पोटात दुखायचं, गप्प बसली तरी दुखायचं. "आयत्या बिळावर नागोबा," ती नवऱ्याजवळ धुसफुसली. तो म्हणाला, "अगं, दूध आपल्याच घरात येतंय ना?" या माणसाला काही सांगण्यात अर्थ नव्हता.

मग ती करू नये ते करायला लागली. पहाटे घर उठायच्या आधी गोठ्यात जायची, डाव्या हाताने वासराचं दावं सोडायची आणि त्याला गायीला मनसोक्त पिऊ द्यायची. पुन्हा बांधून गुपचूप अंथरुणात शिरायची. बादलीतलं दूध खिळ्याच्या खाली उतरलं. सासऱ्यांचा "वा" बंद झाला, "हं"ही बंद झाला. "हात कच्चा आहे अजून तिचा," थोरली हळहळली. धाकटी बादली घासत राहिली.

एक गोष्ट थोरलीच्या ध्यानात आली नव्हती. ती डावखुरी. इतकी वर्षं त्या गोठ्यात वासरं तिनेच बांधली, त्यामुळे आपली गाठ इतरांच्या उलट बसते हे तिला कळायचं कारणच नव्हतं.

असं सुरू झाल्याच्या सहाव्या दिवशी वासरू उठेना. जास्तीचं दूध बाधलं, हगवण लागली, डोळे खोल गेले. सासरे काठी टेकत गोठ्यात आले. "हे नको तेवढं प्यायलंय. सुटलं असणार. गाठ कुणी बांधली होती?"

थोरली गायीआड सरकली. हे वासरू जन्मताना अडलं होतं तेव्हा तिनेच पाय धरून ओढून काढलं होतं.

"मी बांधली होती," धाकटी म्हणाली. वासराचं डोकं मांडीवर घेऊन ती त्याला बाटलीने मीठ-साखरेचं पाणी पाजत होती. "सैल राहिली असेल, बाबा. माझंच चुकलं."

थोरलीला हायसं वाटायला हवं होतं. हिला बोलणी बसावीत म्हणूनच तर सगळा खटाटोप. पण सासऱ्यांचा चेहरा निवळला. "कबूल तरी करतेस," ते म्हणाले. "मन मोठं आहे हो पोरीचं."

झालं! दूध गेलं, तिपाई गेली, "वा" गेला, आणि आता मोठं मनही हिचंच?

"काही सैल नव्हती!" थोरली ओरडली. "मी सोडलं वासरू! पाच दिवस मीच सोडतेय!"

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं. सासरे तिच्याकडे बघत राहिले आणि काठी टेकत बाहेर गेले.

"मला ठाऊक होतं, ताई," धाकटी हळूच म्हणाली. "सकाळी गाठ उलटी असायची."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, गोठ्यात यायचं नाही म्हटल्यावर तुम्हाला वासराची आठवण येत असेल. पहाटे येऊन त्याचे लाड करून जात असाल."

थोरली मटकन तिपाईवर बसली. इतक्या दिवसांत वासराची आठवण तिला एकदाही आली नव्हती. दुधाचा हेवा मनगट बरं झाल्यावर आपोआप गेला असता. या पोरीच्या मनाचा जो हेवा आता वाटत होता, त्याला कुठली पट्टी बांधायची?

वासराने बाटलीवरून तोंड फिरवलं. थोरली तिपाईवरून उठली, तशीच खाली भुईवर बसली आणि डावा हात पुढे केला.

"असं नाही पीत ते, गाल धरावा लागतो. दे इकडे," ती म्हणाली. "आणि तू बस त्या तिपाईवर. धारेची वेळ टळून चाललीये."