शेषरावाचा लखलखीत बंब

सोनाळ्यात थंडी सातपुड्यावरून उतरते, पण गोजरबाईला तिची चाहूल लागते नवऱ्याच्या खरवडण्यावरून. दिवाळी सरली की शेषराव अंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब अंगणात काढतो. मधल्या नळीतली जुनी राख काढतो, गळती बघतो, जळणासाठी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या मोडून शेजारी रचतो आणि मग चिंच घेऊन बंब असा काही घासतो, की त्यात त्याच्या मिशीचा केसन् केस दिसावा. घरातलं दुसरं एक भांडं कधी त्यानं विसळलेलं नाही.

यंदा पहिल्या कडाक्याच्या सकाळी गोजरबाईनं बंबापाशी काडी ओढली, तर हा कांबळ टाकून धावत आला.

"अवं थांब! काऊन पेटवून राह्यली? धुरानं काळा होईन ना तो!"

"मंग काय पूजा करू त्याची?"

"पाणी चुलीवर तापव. बाकी मी पाह्यतो."

तिनं धुरात डोळे चोळत चुलीवर मोठ्या पातेल्यात, गंजभर पाणी तापवलं. शेषरावानं ते वरून बंबात ओतलं, खालची तोटी सोडली आणि ऐटीत बादली भरली.

शेजारचा सहदेव कुडकुडत आला. त्यानं तोटीखाली हात धरला.

"वा भाऊ! कढत हाय!"

"तयारी लागते गड्या, आधीपासून. घे, तूबी घे एक बादली."

तेवढ्यात गोजरबाईनं वाफाळता दुसरा गंज सहदेवापुढे आदळला.

"आधी बंबात ओता, भाऊजी. नाई त आमच्या यायले पाणी गरम वाटत नाई."