अप्पांच्या हसण्यावरचं औषध

माझे सासरे बालाजीराव, आमचे अप्पा, एकटेच हसायचे. टीव्ही बंद, हातात पेपर नाही, शेजारी कोणी नाही, आणि हा माणूस वेस्ट मांबलमच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून खांदे हलेपर्यंत हसतोय. मी मूळची कराडची. नोकरीसाठी चेन्नईला आले, ऑफिसातल्या वेंकटशी लग्न केलं आणि या तंजावरी मराठी घरात येऊन पडले. इथे ‘सगळं’ला ‘अस्कं’ म्हणतात, ‘चांगलं’ला ‘चोखट’. माझी मराठी त्यांना बातम्यांसारखी वाटायची, त्यांची मला तमिळ चालीवर वाचलेल्या बखरीसारखी. त्यामुळे पहिलं वर्षभर माझी खात्री होती, की अप्पा हसतात ते मलाच.

एकदा न राहवून विचारलं. त्यांनी अगदी मनापासून समजावून सांगितलं. पडवळ सरळ वाढावं म्हणून त्याच्या टोकाला दगड बांधतात ना, तसा दगड त्यांनी कुठल्याशा मांडवात पाहिला होता, आणि त्यांना ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात अडकवून निघालेला वेंकट आठवला होता. एवढंच. मी म्हटलं, बरं. वेंकटला सांगितलं तर तो म्हणाला, यात हसण्यासारखं काय आहे. मलाही तेव्हा काही सापडलं नाही.

माझ्या सासूबाई संयुक्ता मी या घरात यायच्या आधीच गेल्या. त्या असताना अप्पा हसले की त्या स्वयंपाकघरातूनच विचारायच्या, काय आठवलं? ते दोन शब्द सांगायचे आणि मग दोघं हसत बसायची. ही गोष्ट वेंकटनेच सांगितलेली, तीही तक्रारीच्या सुरात. घरात दोघं हसत असली तर लोक म्हणतात, संसार सुखाचा आहे. त्यातलं एक गेलं आणि दुसरं हसत राहिलं, की त्याच लोकांना वेड दिसायला लागतं.

गेल्या मार्चमध्ये अप्पांचे चुलतभाऊ विद्याधरकाका वारले. त्यांचा मुलगा सिडनीहून यायचा होता, म्हणून शव दीड दिवस घरात ठेवायचं ठरलं. इथे अशा वेळी काचेच्या झाकणाचा फ्रीझर बॉक्स भाड्याने आणतात. तो टेम्पोतून आला, हॉलमध्ये लागला, काकांना आत ठेवलं, आणि बॉक्सवाल्याने मोठा प्लग कुठे आहे म्हणून विचारलं. साध्या प्लगवर तो चालत नाही. प्लग होता, खिडकीच्या वर, एसीसाठी बिल्डरने दिलेला, वीस वर्षांत एकदाही न वापरलेला. काकांच्या पत्नी कनकाकाकू वीस वर्षं एसी मागत होत्या आणि काका वीस वर्षं सांगत होते, की एसीने हाडं बिघडतात, चेन्नईत जन्मलेल्या माणसाने घाम गाळावा. स्टुलावर चढून बॉक्सवाल्याने तिथे वायर लावली. बॉक्स घरघरला. काचेवर गारव्याचं धुकं धरलं.

आणि अप्पा हसले.

आधी नाकातल्या नाकात. मग खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं. ते तोंडावर उपरणं दाबून भिंतीकडे वळले, पण भरल्या हॉलमध्ये भिंतीकडे वळलेला माणूस जास्तच दिसतो. काकूंनी पाहिलं. पन्नास माणसांनी पाहिलं. काकूंच्या भावाने अप्पांना दंडाला धरून जिन्यात आणून उभं केलं. तेराव्यापर्यंत आम्हाला कोणी निरोप पाठवला नाही, आणि मग निरोप आला तो असा, की आधी बालाजीरावांना डॉक्टरला दाखवा, मग आमच्याकडे या.

मी तुम्हाला खरं सांगते, त्या दिवशी मीसुद्धा लाजेने अर्धी झाले होते. आज लिहिताना तो प्लग डोळ्यांसमोर येतो आणि वाटतं, त्या हॉलमध्ये काकांची खरी आठवण काढणारा माणूस एकटा अप्पाच होता. पण शहाणपण असं नेहमी उशिरा येतं, आणि आलं की दारातच बसून राहतं.

नुंगंबाक्कमला एका डॉक्टरकडे नेलं. वेळ अकराची होती, साडेबाराला आत गेलो. डॉक्टरांनी अप्पांना तमिळमध्ये विचारलं, का हसलात? अप्पांनी काही न लपवता सांगितलं, प्लगपासून धुक्यापर्यंत. डॉक्टर हसले नाहीत. माझी एक वेडी आशा होती, की ते हसतील आणि आम्ही सगळे घरी जाऊ. ते लिहीत राहिले. मग त्यांनी आमच्याकडे बघून विचारलं, घरीही असंच चालतं का?

वेंकटने माझ्याकडे पाहिलं. आठवड्यातले तीन दिवस मी घरून काम करते, म्हणजे साक्षीदार मीच. मला म्हणता आलं असतं, की यांचा स्वभावच असा आहे, हिशेबाला पक्के आहेत, औषधं-बिलं-चाव्या काही विसरत नाहीत. पण माझ्या ऑफिसच्या कॉलवर मागून त्यांचं हसणं ऐकू गेलं होतं आणि माझ्या मॅनेजरने दोनदा विचारलं होतं. तो राग होता. पहिल्या वर्षाचा जुना रागही होता.

“एकटेच बोलतातसुद्धा,” मी म्हणाले.

खोटं होतं ते. हसण्याआधी त्यांचे ओठ हलायचे, एवढंच. डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या, सकाळ-रात्र. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. परतताना रिक्षात अप्पा आमच्या मध्ये बसले होते. कोडंबाक्कमच्या पुलावर ते बाहेर बघत हळूच म्हणाले, “मी बोलत नव्हतों, स्वरदा. हांसत होतों, इतकंच.”

गोळ्या मीच द्यायचे. पहिल्या आठवड्यात ते झोपून राहिले. दुसऱ्या आठवड्यात बशीत कॉफी ओतताना हात थरथरायला लागला. तिसऱ्या आठवड्यापासून घर गप्प झालं. कनकाकाकू येऊन बसून गेल्या, जाताना वेंकटला म्हणाल्या, चोखट जाहलं. वेंकटही खूश. माझे कॉल निर्विघ्न पार पडायला लागले. मी जे मागितलं होतं ते अस्कं मला मिळालं, आणि मला त्या घरात श्वास घेता येईना.

बाल्कनीत ते तसेच बसायचे, पण चेहरा पुसलेल्या पाटीसारखा. समोरच्या गच्चीवर एक माकड कुणाचा तरी चष्मा घेऊन बसलं, खाली सगळी गल्ली जमली. अप्पांनी पाहिलं आणि मान वळवली. मी वेंकटला म्हटलं, डोस कमी करून घेऊ या, मी डॉक्टरांना खोटं सांगितलं होतं. त्याला ते ऐकायचंच नव्हतं. घरात आत्ता कुठे शांती आहे, म्हणाला, आणि डॉक्टरांची पुढची तारीख दोन महिन्यांनी आहे. डॉक्टरांना फोन केला तर तिथल्या मुलीने सांगितलं, औषध परस्पर बंद करू नका, पेशंट शांत आहे ना, मग झालं.

मग मी स्वतःच त्यांना हसवायला निघाले. दुसरं काय करणार? मी विनोदी बाई नाही. व्हॉट्सअपवरचे विनोद वाचून दाखवले. माझ्या मॅनेजरच्या नकला केल्या. कराडच्या आमच्या आत्याची फजिती रंगवून सांगितली. ते सभ्यपणे ऐकायचे आणि विचारायचे, काही पाहिजे का तुजला? रात्री पडल्यावर मी रडायचे.

परवा दुपारी ते स्वयंपाकघरात स्टुलावर बसून शेवग्याच्या शेंगा निवडत होते. मी त्यांना त्यांच्याच नोकरीतली एक गोष्ट सांगायला घेतली. एग्मोर स्टेशनवर गाड्यांमध्ये विसरलेल्या सामानाच्या खोलीत त्यांनी एकतीस वर्षं काढली. एकदा एका गाडीत दातांची कवळी सापडली, आणि ती न्यायला तीन म्हातारे आले. तिघेही म्हणाले, माझी. आता ओळख कशी पटवायची? अप्पांनी तिघांना बाकावर ओळीने बसवलं आणि कवळी धुऊन एकेकाला लावून बघायला दिली. पहिल्याने लावली, गंभीरपणे दोन वेळा तोंड उघडलं-मिटलं, काढली, पाण्यात बुडवली आणि शेजारच्याला अदबीने दिली. म्हणाला, माझी नव्हे, पण बसते छान.

हे वाक्य बोलताना माझ्याच डोळ्यांसमोर तो म्हातारा आला. आणि मी फुटले. ओट्याला धरून हसायला लागले, थांबता थांबेना. पोटात दुखायला लागलं, डोळे वाहायला लागले. हसेल त्याचे दात दिसतील म्हणतात, दिसू देत. मला वाटलं, आता हेही हसतील.

अप्पा उठले. घाबरले होते. त्यांनी स्वयंपाकघराची खिडकी ओढून लावली, तिची कडी घातली. पलीकडे हातभर अंतरावर समोरच्या बिल्डिंगमधल्या मामींचं स्वयंपाकघर आहे. मग माझ्याजवळ येऊन अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “हळू, स्वरदा. अस्कं ऐकू जाते. तुजला पण घेऊन जातील.”

माझं हसू जागच्या जागी गेलं. त्यांना वाटलं, मला अजून आवरत नाहीये. त्यांनी माझा हात धरून मला स्टुलावर बसवलं आणि शिकवायला लागले. ओठ असे घट्ट मिटायचे. नाकाने श्वास घ्यायचा. जमिनीकडे बघायचं आणि दहा मोजायचे, मग जातं.

“पहिले पंधरा दिवस कठीण होते,” ते म्हणाले. “दिवसाला वीस वेळां यायचं. आतां संवय जाहली.”

मी ओठ मिटले. ते समोर वाकून उभे राहिले, आणि मला चुकू नये म्हणून माझ्याबरोबर मोजू लागले.