दामूचं ऑटोमॅटिक

अख्ख्या बोईसरमध्ये माझ्याइतकं घड्याळ कुणी टिकवलं नसेल. एकच घड्याळ, सलग बारा वर्षं! म्हणजे पट्टा तोच. आतली घड्याळं नऊ झाली. फुटपाथवरची डिजिटल ती, किलोवर मिळाली असती तरी महागच! पण घड्याळं गेली तरी किस्से राहिले. आमच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्यांचा ढीग साचलाय.

*

माझा दोस्त दामू. त्याचं मात्र स्विस ऑटोमॅटिक, सातपाटीच्या सासऱ्याने लग्नात दिलेलं. सेल नाही, काही नाही. हात हलला की आपोआप चावी भरते. देताना म्हातारा भर मांडवात म्हणाला, "जावयबापू, दर नारळी पुनवेला बघनार. बंद दिसलं तर धाकट्या जावयाला देईन!"

*

एकदा बोईसरजवळच्या नवापूरच्या किनाऱ्यावर दोघेही घड्याळासकट समुद्रात पडलो. दामूने त्याचं लुंगीला पुसलं, टिकटिक चालू! माझ्या काचेत पाणीच पाणी.

"आता मासे पाळ," दामू म्हणाला.

पाळले असते. मापाचा मासा मिळाला नाही!

*

जुन्या मॅनेजरसाहेबांची शोकसभा. सगळे दोन मिनिटं स्तब्ध. आणि माझ्या मनगटावर वरातीची धून! बटण दाबलं तर दिवा लागला. डब्यात कोंबलं तर डबा गायला लागला.

दामू पुटपुटला, "म्हनून महाग घ्यावं. महागाला तोंड नसतं!"

*

मग दामू फोरमन झाला. खुर्ची मिळाली, पंखा मिळाला, आणि आठवड्यात घड्याळ बंद! पालघरच्या घड्याळजीने भिंग लावून पाहिलं.

"घड्याळ ठणठणीत आहे. साहेब काय काम करतात?"

"फोरमन हाय."

"मग बरोबर!"

संध्याकाळपर्यंत मी ते सगळ्या शिफ्टला सांगून मोकळा. दामू केबिनमध्ये बसून हात हलवायला लागला, तर वेल्डर धावत आला, "साब, बुलाया?"

*

नारळी पुनव दोन दिवसांवर आली. दामूचं तोंड उतरलं. वहिनी बाजारात सुके बोंबील विकायची. त्याने घड्याळ तिच्याच हाताला बांधलं. गिऱ्हाइकांशी हातवारे करून भांडता भांडता चावी टिच्चून भरली!

पुनवेला घड्याळ परत दामूच्या हातावर, आणि आम्ही तिघे सातपाटीला. मी आपला जेवायला. म्हाताऱ्याने घड्याळ काढून घेतलं. कानाला लावलं. मग नाकाला लावलं. हसला. दामूचा जीव भांड्यात पडला.

पण माझ्या जिभेला कुठलं कुलूप! "मामा, दोन दिवस हे वहिनीच्या हातात होतं!"

दामूने डोळ्यांनीच मला समुद्रात ढकललं. म्हातारा शांतपणे लेकीच्या मनगटावर पट्टा आवळत म्हणाला,

"ठावं हाय रं. कानानं सांगितलं, घड्याळ चालतंय. नाकानं सांगितलं, कोन चालवतंय!"