नाताळात लावलेली पोथी

आमचं सामान टेम्पोत चढलं तेव्हा दोर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतः आवळला. तासगावकडच्या आमच्या गावातून आम्ही बोईसरला निघालो होतो. नवऱ्याला तारापूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. आबा म्हणाले, "दोन-चार वर्सं काढा आन् माघारी या." तेव्हा मांडीवर असलेली लेक आता अकरावीत आहे आणि आम्ही अजून बोईसरजवळच्या सालवडलाच आहोत.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघाले, त्यांना ठाऊक आहे की नव्या जागी आधी वस्तू जमवाव्या लागतात. मी गॅस, पिंप, पडदे अशा क्रमाने जमवल्या. वारा फिरला की कोणती खिडकी लावायची, म्हणजे कारखान्यांचा वास घरात शिरत नाही, हेही शिकले. शेजारी किनाऱ्यावरच्या घिवली गावच्या सुगंधाकाकू मिळाल्या. सणांचं मात्र जुळेना. दिवाळीला शिफ्ट, गणपतीला शिफ्ट. सगळे घरात असण्याची खात्री एकाच आठवड्याची, लेकीच्या शाळेची नाताळची सुट्टी, तेव्हाच नवऱ्यालाही रजा मिळे. म्हणून आबा नाताळात येऊ लागले.

एका वर्षी लेकीने शाळेच्या वाचनालयातून जादूच्या गोष्टींचं पुस्तक आणलं आणि आबांच्या हातात दिलं. आबांनी गावात मारुतीच्या देवळात वर्षानुवर्षं श्रावणात पोथी वाचलेली. त्यांनी हातपाय धुतले, पुस्तक पाटावर ठेवलं आणि पोथीच्याच सुरात सुरुवात केली. सूर ऐकून सुगंधाकाकू दारात उभ्या.

"पोथी लावली नि आमाला नाय बोलवलं?"

त्या बसल्या. बर्फावरून उडत जाणारी गाडी आली तेव्हा म्हणाल्या, "आबा, यातलं खरं काय हाय?"

"पोथीत मानूस उडतो तवा इचारता का?" आबा म्हणाले.

पुस्तक संपलं त्या दिवशी समाप्तीचा प्रसाद म्हणून बेकरीतला केक वाटला. तेव्हापासून दर नाताळात आमच्याकडे पुस्तक लागतं, आणि ते निवडायचं काम माझं.

ते सोपं नाही. अक्षर आबांच्या चष्म्याला झेपेल इतकं मोठं हवं. प्रकरण एका बैठकीत संपावं. बर्फ, दिवे, मेजवानी हवी, नाहीतर लेक म्हणते, "यात नाताळ कुठाय?" राक्षस चालतो, पण लहान मूल मेलं तर काकू उठून जातात. एकदा मी मुखपृष्ठावर भाळून पुस्तक घेतलं आणि आतल्या नावांनी आबांची जीभ दमली. आता आधी दोन पानं मोठ्याने वाचून बघते, मगच पैसे देते.

यंदा निवडीला आणखी एक कारण होतं. दसऱ्यानंतर आबा गावी अंगणात पडले. आई नाही, मी एकटीच मुलगी. शेजारची सून ताक द्यायला आली तोवर ते तसेच पडून होते. हाड मोडलं नाही, पण डॉक्टरांनी एकटं राहू नका म्हणून सांगितलं. मी कायमचं इकडे या म्हणायची, ते "बघू" म्हणायचे.

आबांचा एक नियम आहे. पोथी लावली की समाप्ती होईपर्यंत वाचणाऱ्याने मुक्काम हलवायचा नाही. मी दुकानात जाऊन सगळ्यांत जाड गोष्ट मागितली. तिचे दोन भाग निघाले, दुसरा पहिल्याच्या कितीतरी पट जाड. ऐन नाताळात एका गावात सूर्य उगवेनासा होतो, दिवे पेटेनासे होतात आणि एक मुलगी बोलकी बकरी घेऊन उजेड शोधायला जाते. माझा हिशेब होता की दोन्ही भाग संपेपर्यंत होळी येईल, तोवर ते रुळतील.

"म्हाताऱ्याला कोंडतेस होय?" नवरा हसला.

"वाचायला देतेय," मी म्हणाले.

वाचन छान रंगलं. काकूंना प्रश्न पडला, "ऊन नाय तर त्या गावात मासं सुकवतात कसं?" आबा म्हणाले, "म्हनून तर बकरी निघालीया." सुट्टी संपता संपता पहिला भाग संपला. केक वाटून मी दुसरा भाग पाटावर ठेवला. आबांनी तो उचलला, कपाळाला लावला आणि आपल्या पिशवीत घातला.

"पुठ्ठा येगळा, समाप्ती येगळी. ह्यो मी गावाकडं लावतो."

"आबा, तुम्ही पडला होता. परत पडलात तर?"

"तुझं गनित मला पयल्या दिवशीच कळलं, सुमे. पर माझी मानसं तिकडं हायती. देवळाचा कट्टा हाय. हितं मी पावना."

काकू मधेच बोलल्या. "नि आमी काय करायचं? बकरीचं काय झालं ता कोन सांगल?"

आबांनी विचार केला. "रोज दिवेलागणीला फोन पाटाजवळ ठेवतो. आयका. समाप्तीला मातूर समद्यांनी गावी यायचं."

ते गेले. रोज अर्धं प्रकरण धरून समाप्ती मेच्या सुट्टीत ठरली. मी तेव्हाच्या गाडीची तिकिटं काढली, काकूंचंही काढलं.

आता रोज दिवे लागले की फोन येतो. सुरुवातीला मी फक्त आवाज तपासायची. दम लागतोय का, खोकला आहे का. गोष्ट नंतर कानात शिरायला लागली. आबा देवळात वाचतात तेव्हा मागे म्हैस हंबरते, कुणीतरी चप्पल काढून आत येतं. आमच्याकडे काकू येऊन टीव्ही बंद करतात. काळजी गेलेली नाही, फोनला उशीर झाला की मीच लावते. पण घर कोणतं, हे वाचन चालू असताना मला कुणी विचारू नये. त्याची एक खोली इथे असते, एक तिथे.

काल प्रकरण संपवून आबांनी विचारलं, "आयकताय न्हवं?"

आम्ही सालवडमधून "हो" म्हणालो. त्याच वेळी त्यांच्यापुढे बसलेल्या माणसांनीही "व्हय" म्हटलं.