प्रफुलच्या नावाचा स्टॉपर

पुलगावच्या रूपरावचे पाय लोखंडाचे आणि अक्कल कवडीची, असं त्याची बायको कोकिळा म्हणत असे. राग आला की तोही स्वतःला तेच म्हणे. नव्वदच्या दशकात जो बोलावील त्या गावाकडून तो फुटबॉल खेळला. आज हिंगणघाट, परवा समुद्रपूर. जागा एकच, गोलसमोर बचावाला स्टॉपर. नियमानं खेळाडू त्याच गावचा लागे, म्हणून बाहेरच्याला गावातल्या कुणाच्या तरी नावावर उतरवत. पंचही डोळेझाक करत. अल्लीपूरच्या मंडळाकडून तो सात वर्षं खेळला, तो अध्यक्ष हिरालालशेठच्या मुलाच्या, प्रफुलच्या नावावर. छाती रूपरावनं द्यायची आणि प्रमाणपत्र प्रफुलचं. त्याला तेव्हा यात गंमत वाटायची. मूर्ख माणूस.

गुडघा गेला तशी गंमत संपली. त्याच प्रमाणपत्रांवर, खेळाडूंच्या कोट्यातून, प्रफुल क्रीडा प्रशिक्षक होऊन बसला. आयत्या बिळावर नागोबा. ज्याला थ्रो-इन धड टाकता येत नव्हता, तो पोरांना फुटबॉल शिकवणार. रूपराव तडक त्याच्या दारात गेला.

"मले एक कागद लिहून दे, का खेळत मी होतो."

"लिहून देल्लं त माही नोकरी जाईन," प्रफुल शांतपणे म्हणाला. "आन् तुले कोनं जबरदस्ती केलती का?"

नकारापेक्षा हा प्रश्नच रूपरावला जास्त झोंबला.

२००४ साली तो गावातल्या एका शाळेच्या मुलींना फुकट शिकवू लागला. मुख्याध्यापक बबनरावांनी शब्द दिला होता: जिल्हा जिंका, कागद नसले तरी पगारावर घेतो. रूपराव सकाळ-संध्याकाळ पोरींवर खेकसायचा. त्यांच्या चुकांवर थोडा, जगावर जास्त. पोरी तरी येत राहिल्या आणि अंतिम सामन्यापर्यंत पोचल्या.

आदल्या दिवशी बचावातली गुंजन तापानं फणफणली. दुसऱ्या शाळेतली जया रोज यांच्यात सरावाला यायची, आणि बचावात तिच्या तोडीची कुणी नव्हती. बबनरावांनी यादी पुढे सरकवली.

"जया खेळन गुंजनच्या नावावर. तुमाले काय नवीन हाय का हे?"

रूपरावनं पेन उचललं, परत खाली ठेवलं. शेवटी पगार आठवून त्यानं सही केली.

जयानं एकही चेंडू मागे जाऊ दिला नाही. शाळा एक-शून्यानं जिंकली. बक्षीस वाटताना उत्कृष्ट बचावासाठी गुंजनचं नाव पुकारलं, तशी जया हसत पुढे गेली. असंच हसत तो स्वतः सात वर्षं पुढे जात होता. रूपरावच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं टेबलापाशी जाऊन माइक ओढून घेतला.

"हे पोट्टी गुंजन नाई. जया हाय. सही म्या केली."

निकाल रद्द झाला. कप हरलेल्या शाळेला गेला. बबनरावांनी पुन्हा तोंड दाखवू नको म्हणून सांगितलं. तरी कित्येक वर्षांनी रूपरावला छाती मोकळी वाटत होती. तसाच तो मुलींकडे आला. सगळ्या रडत होत्या, एकटी जया सोडून.

"तुह्याच नावासाठी केलं, बाई," तो म्हणाला.

"म्या म्हटलं होतं का तुमाले?" जया म्हणाली. "राग तुमचा होता, सर. कप आमचा होता."